छोट्या ग्लासातील मेणबत्तीचा सुगंध खोलीभर का पसरत नाही?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबाग भागात राहते. आमचा लहानसा बचत गट असून यंदाच्या दिवाळीच्या प्रदर्शनासाठी आम्ही काचेच्या ग्लासातील सुगंधी मेणबत्त्या करीत आहोत. ग्लासाची आतील रुंदी ५ सेंटीमीटर आहे, त्यात सुमारे १०० ग्रॅम सोया मेण बसते आणि मधोमध कापसाची एक वात असते. मोगरा, लॅव्हेंडर आणि वाळा असे तीन सुगंध आम्ही निवडले आहेत.

अडचण अशी की झाकण उघडताच सुगंध उत्तम येतो, मात्र मेणबत्ती पेटवल्यावर हातभर अंतरापलीकडे काहीही जाणवत नाही. सुगंधी तेलाचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांपर्यंत वाढवून पाहिले. फरक पडला नाही, खर्च मात्र वाढला. प्रमाण आणखी वाढवावे, मेण बदलावे की छोट्या मेणबत्तीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी? अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

पोवई_नाका

तेल कोणत्या प्रकारचे आहे, ते कुठून घेतले, वातीची जाडी किती आणि ओतल्यानंतर किती दिवसांनी पेटवता, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता काढा देण्यासारखे होईल. अर्थात तसे वैद्य या धाग्यावर थोड्याच वेळात येतील, याची मला खात्री आहे.

मिरजेची_तार

मी आलोच. ताई, सोया मेणाचा हा मूळचा दोष आहे. पॅराफिन घ्या आणि तेल १५ टक्के घाला. वास येणार नाही असे होणारच नाही.

रसायन_कऱ्हाड

मिरजेच्या मित्राची क्षमा मागून असहमती नोंदवतो. मेण ठरावीक प्रमाणातच तेल धरून ठेवते. बहुतेक कंटेनर मेणांसाठी, म्हणजे ग्लासात किंवा डबीत ओतायच्या मेणांसाठी, ही मर्यादा ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असते आणि मेण विकणारे ती सांगतात. त्यापुढचे तेल मेणात सामावत नाही. ते पृष्ठभागावर घामासारखे येते, तळाशी थेंब होऊन साचते किंवा वातीत शिरून तिचे तोंड बंद करते. वात गुदमरली की ज्योत लहान होते, ज्योत लहान झाली की मेण कमी वितळते आणि मेण कमी वितळले की सुगंधही कमी येतो. म्हणजे १२ टक्के तेल घातलेल्या मेणबत्तीचा वास ६ टक्केवालीपेक्षा कमी येणे मुळीच अशक्य नाही.

मुळात सुगंध ज्योतीतून येत नाही. ज्योतीत पोहोचलेले तेल मेणासोबत जळून जाते. खोलीत जे पसरते ते वातीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून उडालेले तेल असते. परातीत ओतलेले पाणी तांब्यातल्या पाण्यापेक्षा लवकर उडते, तोच हिशेब येथे लागू पडतो. ५ सेंटीमीटर रुंदीच्या ग्लासात पूर्ण वितळलेल्या तळ्याचे क्षेत्रफळ जेमतेम २० चौरस सेंटीमीटर भरते. रुंदी ७ सेंटीमीटर केली की तेच सुमारे ३८ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तेवढेच १०० ग्रॅम मेण उंच ग्लासाऐवजी पसरट डबीत ओतले, तर तेलाचा एक थेंबही न वाढवता सुगंध वाढायला वाव मिळतो. कृष्णाकाठ ताईंच्या प्रश्नाचे माझ्या मते निम्मे उत्तर या भूमितीत आहे.

वाईचा_घाट

आणि उरलेले निम्मे वातीत आहे. वरील प्रतिसादातील क्षेत्रफळ पूर्ण तळ्याचे आहे, परंतु ते तळे ग्लासाच्या कडेपर्यंत पोहोचते का, हे आधी पाहायला हवे. वात बारीक असली की मधोमध विहिरीसारखा खड्डा पडतो आणि कडेचे मेण तसेच राहते. त्या मेणातले तेल कधीच उडत नाही. ढोबळ नियम असा की रुंदीच्या दर अडीच सेंटीमीटरला एक तास धरावा. ५ सेंटीमीटरच्या ग्लासात साधारण दोन तासांत तळे कडेला टेकले पाहिजे आणि त्याची खोली सुमारे एक सेंटीमीटर असावी.

येथे एक बारकावा आहे. छोट्या ग्लासात मेण जसजसे खाली जाते, तसतशी काचेची भिंत उष्णता कोंडून धरते आणि तीच वात अधिक तापू लागते. त्यामुळे पहिल्याच तासात कडेपर्यंत वितळवणारी वात निवडली, तर अर्ध्यावर आल्यानंतर ज्योत मोठी होते, काजळी धरते आणि ग्लास हातात धरवत नाही. तळे जास्त तापले की तेलातील हलके घटक भराभर उडून जातात. सुरुवातीला घमघमाट आणि शेवटी नुसते मेण, असा प्रकार होतो. पहिल्या वेळी कडेला थोडेसे मेण राहिले तरी चालेल, ते पुढच्या खेपेला वितळते. माझ्या मते वातीची निवड निम्मा ग्लास जळाल्यावर करावी, पहिल्या तासावर नव्हे. वात कापताना ५ ते ६ मिलिमीटर ठेवावी.

तासगावकर

देवासाठी आपण ज्या कापसाच्या वाती वळतो त्या चालत नाहीत का? घरात त्यांचा मोठा साठा आहे.

रसायन_कऱ्हाड

तुपात आणि तेलात उत्तम चालतात, मेणात त्रास देतात. नुसत्या पिळलेल्या वातीचे टोक ज्योतीच्या आत सरळ उभे राहते आणि त्यावर काजळीचा गोळा जमत जातो. विणलेली वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन हवेत पूर्ण जळते. ही विणलेली वात १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी आणली आणि तोपर्यंत मेणबत्तीची वात वारंवार कात्रीने छाटण्याचे जे काम घरोघरी असे, ते जवळपास संपले. त्याच वर्षी तिथेच शेव्हरल आणि गे-ल्युसॅक यांनी स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. विषयांतर झाले, पण तासगावकरांच्या साठ्याने मोह घातला.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पोवई_नाका यांनी विचारलेली माहिती देते. वात विणलेली आहे, पण दुकानात एकाच जाडीची मिळाली. तेल अगरबत्तीच्या कच्च्या मालाच्या दुकानातून आणले. ओतल्यानंतर दुसऱ्या दिवशी पेटवतो. आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. मोगऱ्याचा ग्लास उलटा धरून पाहिला तर तळाशी तेलाचे बारीक थेंब दिसतात. मेण पूर्ण घट्ट झाले आहे, तरी ते थेंब ओलेच आहेत.

रसायन_कऱ्हाड

हा धागा आता खऱ्या अर्थाने सुरू झाला.

अगरबत्तीसाठीचे सुगंधी तेल बहुधा पातळ केलेले असते. त्यासाठी डीईपी (डायइथाइल थॅलेट) किंवा डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल) ही द्रावके वापरली जातात. काडी बुडवण्यासाठी ती सोयीची आहेत. परंतु डीपीजी हे ग्लायकॉल आहे. त्याची जवळीक पाण्याशी अधिक आणि मेणाशी फारच थोडी. वितळलेल्या मेणात ढवळताना ते मिसळल्यासारखे वाटते आणि थंड होताना वेगळे होऊन तळाशी बसते, सोबत सुगंधाचा काही भागही घेऊन जाते. तुमचे १२ टक्के तेल प्रत्यक्षात किती सुगंध आणि किती द्रावक आहे, हे त्या दुकानदारालाही कदाचित ठाऊक नसेल.

परीक्षा सोपी आहे. पारदर्शक लहान ग्लासात ५० ग्रॅम वितळलेले मेण घ्या, त्यात ४ ग्रॅम तेल घालून ढवळा आणि ग्लास गरम पाण्यात ठेवून मेण पातळ राहू द्या. अर्ध्या तासाने उजेडाकडे धरून पाहा. गढूळपणा, तारा किंवा तळाशी थेंब दिसले, तर ते तेल मेणबत्तीचे नाही. स्वयंपाकातील इसेन्स आणि पाण्यात मिसळणारे रूम फ्रेशनर यांनाही हाच न्याय लागू आहे.

तेल मोजताना मिलीलिटर नको, वजन घ्या. प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते. टक्केवारी मेणाच्या वजनावर काढायची, म्हणजे १०० ग्रॅम मेणाला ८ टक्के म्हणजे ८ ग्रॅम तेल.

मिरजेची_तार

माझे १५ टक्के मी सन्मानाने मागे घेतो. परंतु पॅराफिनचा मुद्दा सोडणार नाही. पॅराफिनच्या मेणबत्तीचा पेटल्यानंतरचा वास सोयापेक्षा ठळक येतो, हे हा उद्योग करणारे बहुतेक लोक मान्य करतील.

वाईचा_घाट

मान्य करतो, पण कोणते पॅराफिन? आपल्याकडे बाजारात लादीच्या स्वरूपात जे ५८-६० अंशांना वितळणारे मेण सहज मिळते, ते उभ्या मेणबत्तीसाठी चांगले आहे. ग्लासात ओतले की ते आकसून काचेपासून सुटते आणि वितळायला जास्त उष्णता लागत असल्याने त्याच वातीवर तळे लहान पडते. ग्लाससाठी कमी तापमानाला वितळणारे, मऊ पॅराफिन वेगळे मिळते. ते न मिळाल्यास सोयामध्ये थोडे पॅराफिन मिसळून पाहावे. अनेक जण अशा मिश्रणावर समाधानी आहेत. मेण बदलले की वातीची निवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, हे मात्र विसरू नये.

मांघरचा_मध

पेट्रोलियमपासून निघालेले मेण जाळायचे आणि त्याला सुगंधी म्हणायचे, हे मला पटत नाही. महाबळेश्वर तालुक्यातील आमचे मांघर गाव २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पोळ्यातून निघालेले मेण हाताशी असताना सोया आणि पॅराफिनच्या मागे कशाला लागावे? मधमाशीच्या मेणाला स्वतःचाच सुंदर गंध असतो.

पोवई_नाका

मांघरच्या मेणाबद्दल आदर आहे. अडचण हीच की त्या मेणाला स्वतःचा गंध असतो, म्हणून मोगऱ्याची मेणबत्ती मोगरा-मधाची होते. शिवाय ते ६२ ते ६४ अंशांना वितळते, तर कंटेनरचे सोया मेण ४५ ते ५२ च्या दरम्यान. घट्ट आणि चिकट मेणातून दुसरा सुगंध सहजी सुटत नाही. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती काहीही न घालता, तशीच लावावी. त्यातच तिचा मान आहे.

भडंगप्रेमी

सर्व चर्चा मोगरा आणि लॅव्हेंडरभोवती फिरत आहे, याचा एक सांगलीकर म्हणून मी निषेध नोंदवतो. लसणाच्या फोडणीच्या भडंगाचा सुगंध देणारी मेणबत्ती कोणी करणार असेल, तर माझी आगाऊ मागणी लिहून घ्यावी. सातारकरांनी हवी तर कंदी पेढ्याची करावी.

पोवई_नाका

कंदी पेढ्याची मेणबत्ती साताऱ्यात पेटवली, तर ज्योत पाहायला कोणी थांबणार नाही, सगळे पेढ्याच्या दुकानाकडे वळतील. तरीही गंमत बाजूला ठेवून सांगतो, खरपूस दुधाचा वास आणायला व्हॅनिलाच्या जातीचे सुगंध लागतील आणि त्यांतील व्हॅनिलिनमुळे मेण हळूहळू पिवळसर-तपकिरी होते. पेढ्याच्या बाबतीत तो दोष नसून सजावट ठरेल.

निसर्गोपचार_फलटण

माझा मुद्दा वेगळा आहे. कृत्रिम सुगंधी तेल मुळात वापरूच नये, शुद्ध इसेन्शियल ऑइल वापरावे. वास कमी आला तरी चालेल.

रसायन_कऱ्हाड

'वास कमी आला तरी चालेल' हे मान्य असेल, तर वाद उरत नाही. परंतु ताईंचा प्रश्न नेमका वास वाढवण्याचा आहे. लिंबू-संत्र्याच्या तेलांतील लिमोनिनसारखे घटक फार हलके असतात. ते लवकर उडतात आणि मेणबत्ती संपेपर्यंत टिकत नाहीत. लॅव्हेंडरचेही काहीसे तसेच. वाळ्याचे तेल उलट जड आणि चिवट. ते टिकते खरे, पण उडण्याचा त्याला आळस असतो, म्हणून न पेटवलेल्या मेणबत्तीत ते अगदी मंद वाटते. शिवाय 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी असे नाही. दमा असलेल्या माणसाला किंवा घरातील मांजराला निलगिरीच्या तेलाचाही त्रास होऊ शकतो.

वाळ्याला थोडा हलका साथीदार दिला, जसे की थोडेसे लिंबू-गवताचे, म्हणजे गवती चहाचे तेल, तर पेटवल्यावर आधी गवत आणि मग वाळा असा सुगंध उलगडत जातो. मातीच्या अत्तराचा विचारही करण्यासारखा आहे. कनौजमध्ये भाजलेली माती उर्ध्वपातित करून तो अर्क परंपरेने चंदनाच्या तेलात उतरवतात. तेलाच्या पायावर असलेले अत्तर मेणात मिसळायला अडत नाही. किंमत मात्र बचत गटाला झेपणार नाही.

कऱ्हाडची_सून

एक शंका आहे. मला सांगितले गेले होते की तेलाचा फ्लॅश पॉइंट ६५ अंश असेल, तर मेण ६५ च्या खाली आल्यावरच तेल घालावे, नाहीतर सगळा सुगंध उडून जातो. मी तसेच करते.

रसायन_कऱ्हाड

हा गैरसमज फार पसरलेला आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे तेलाची वाफ ठिणगी किंवा ज्योत जवळ आल्यास पेट घेऊ शकते ते तापमान. त्याचा उपयोग साठवण, वाहतूक आणि सुरक्षितता यांसाठी आहे. त्या अंशाला तेल उडून संपते, असा त्याचा अर्थ नाही. सोया मेणात तेल ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान घालून निदान दोन मिनिटे सावकाश ढवळावे, म्हणजे ते सर्वत्र सारखे मिसळते. थंड होऊ लागलेल्या मेणात घातलेले तेल नीट विरघळत नाही. त्यानंतर मेण उगाच तासभर गरम ठेवू नये, एवढी काळजी पुरे. हे काम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून करावे आणि तेल घालताना गॅस बंद करावा. थर्मामीटर नसेल, तर या उद्योगात सर्वांत आधी तो विकत घ्यावा.

वाईचा_घाट

मघाशी एक मुद्दा राहून गेला. ताई, दुसऱ्या दिवशी पेटवणे फारच लवकर होते. लोणच्याप्रमाणे सोया मेणबत्तीलाही मुरू द्यावे लागते. ओतल्यानंतर सोया मेणाची घडण बरेच दिवस बदलत राहते आणि एक ते दोन आठवडे झाकण लावून ठेवलेल्या मेणबत्तीचा सुगंध अधिक ठळक येतो, असा या क्षेत्रातील बहुतेकांचा अनुभव आहे. पॅराफिनला तीन ते पाच दिवस पुरतात. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीवरून तेलाला दोष देणे योग्य नाही.

मिरजेची_तार

घ्या, म्हणजे पॅराफिनला घाईगडबडीचे लोक का आवडीने घेतात, हे पुन्हा सिद्ध झाले.

तासगावकर

मला एक साधी गोष्ट सुचते. मेणबत्ती करणारे दिवसभर त्याच वासात बसलेले असतात. बेदाण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्याला गंधकाच्या धुरीचा वास येत नाही, बाहेरून आलेल्याला दारातच ठसका लागतो. मेणबत्ती बंद खोलीत दोन तास जळू द्यावी आणि नंतर बाहेरच्या माणसाला आत बोलावून विचारावे. ज्यांनी ती ओतली, त्यांनी परीक्षक होऊ नये.

पोवई_नाका

तासगावकरांनी लाख मोलाची सूचना केली. त्यात भर घालतो. पंखा सुरू असताना चाचणी घेऊ नये. छताच्या पंख्याखाली ज्योत फडफडते, काजळी धरते, तळे एका बाजूला वाहते आणि जो काही सुगंध उडतो तो खिडकीतून शेजाऱ्यांकडे जातो. आपली घरे हवेशीर असतात. १०० ग्रॅमच्या मेणबत्तीने मोठा दिवाणखाना भरावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे. झोपण्याची लहान खोली, न्हाणीघर किंवा देवघर यांच्यासाठी ती योग्य. प्रदर्शनात ग्राहकाला हे सांगून विकले, तर त्याची तक्रारही येत नाही.

भडंगप्रेमी

देवघरात भडंगाची मेणबत्ती चालणार नाही, एवढे मलाही कळते.

कृष्णाकाठ

या धाग्यामुळे बऱ्याच गोष्टी उलगडल्या, म्हणून आतापर्यंतचा वृत्तान्त लिहिते. अगरबत्तीचे तेल रसायन_कऱ्हाड यांच्या परीक्षेत नापास झाले. मोगरा आणि लॅव्हेंडर दोन्ही तळाशी बसले, वाळा मात्र मिसळून राहिला. आता मेणबत्तीसाठीचे तेल मागवले असून प्रमाण ८ टक्के ठेवले आहे. दोन जाडीच्या वाती घेतल्या. उंच ग्लासांबरोबर ७ सेंटीमीटरच्या पत्र्याच्या पसरट डब्याही आणल्या.

दहा दिवस मुरवल्यानंतर शेजारच्या काकूंना खोलीत बोलावले. वाळ्याची पसरट डबी त्यांना दारातच जाणवली. उंच ग्लासातील वाळा 'आहे, पण शोधावा लागतो' असे त्या म्हणाल्या. लॅव्हेंडर दोन्हींत बेताचाच. मोगऱ्याच्या डबीचा वास मात्र इतका उग्र आला की काकूंनी खिडकी उघडायला सांगितली. आता हा मोगरा कमी कसा करावा, असा उलटाच प्रश्न उभा राहिला आहे.

रसायन_कऱ्हाड

अभिनंदन. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांच्या गंधात इंडोल नावाचा घटक असतो. तो अल्प प्रमाणात फुलासारखा आणि जास्त झाला की नकोसा वाटतो. सुगंधी तेलांतही त्याचा वापर असतो. मोगरा ५ टक्क्यांवर आणून पाहा. सर्व सुगंधांना एकच टक्केवारी लावण्याची गरज नाही, कारण प्रत्येक तेल मेणातून वेगळ्या वेगाने सुटते. लॅव्हेंडरला १० टक्क्यांपर्यंत नेता येईल, पण मेण विकणाऱ्याने सांगितलेली मर्यादा ओलांडू नका. टक्केवारी बदलताना त्याच वेळी वात बदलू नये. एका खेपेला एकच बदल करावा आणि डबीच्या तळाला चिठ्ठी लावून तो लिहून ठेवावा.

वाईचा_घाट

पसरट डबीला एक वात पुरते का, तेही पाहा. एकच जाड वात घालण्यापेक्षा दोन बारीक वातींनी तळे लवकर आणि सारखे पसरते, मात्र त्यांच्यात पुरेसे अंतर हवे आणि पत्रा जास्त तापत नाही ना, याची खात्री हवी. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नये आणि तळाशी सेंटीमीटरभर मेण उरले की विझवावी, ही सूचना प्रत्येक डबीवर छापा.

कऱ्हाडची_सून

मी यंदा नारळाच्या करवंटीत ओतणार होते. दिसायला फार सुंदर दिसते.

पोवई_नाका

करवंटी जळते, ताई. सजावटीला ठेवा, वात नका घालू. मातीची पणती चालेल, पण तिची आतली छिद्रे लेपाने बंद केलेली हवीत. कच्ची माती तेल पिऊन घेते आणि सुगंध ग्राहकाऐवजी पणतीच्या पोटात जातो. चहाचे पातळ ग्लासही टाळावेत, ते उष्णतेने तडकतात.

कृष्णाकाठ

एक शेवटची शंका. प्रदर्शन वसुबारसेपासून आहे. मुरण्याचा वेळ धरून ओतण्याचे काम केव्हा संपवावे?

वाईचा_घाट

दसऱ्याला शेवटची डबी ओता. दसरा ते वसुबारस या काळात सोया मेणाला दोन आठवडे सहज मिळतात. चाचण्या मात्र नवरात्राच्या आधीच उरका, कारण वात चुकली असल्याचे दसऱ्यानंतर कळले तर दुरुस्तीला वेळ उरणार नाही. आणि मुरताना डब्या उन्हाच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात मऊ सोया मेण घाम धरते.

भडंगप्रेमी

प्रदर्शनाचा पत्ता आणि वेळ येथे द्यावी. वाळ्याच्या दोन पसरट डब्या माझ्या नावाने ठेवाव्यात, उंच ग्लास नकोत.